शाळेचा नंबर आणि घराचा भाव: जुळे सोलापूरच्या एका फ्लॅटच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे. एक ताई विजापूर रोडला भाड्याने राहतात. मुलगी चौथीत आहे, जूनमध्ये पाचवीत जाईल. त्यांना दोन फ्लॅट पसंत पडलेत. दोन्ही टू बीएचके, क्षेत्रफळ जवळपास सारखं. पहिला जुळे सोलापुरात, ४६ लाखांना. जाहिरातीत ‘जिल्ह्यातली एक नंबरची शाळा पाच मिनिटांवर’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय. दुसरा होटगी रोडला आसरा चौकाच्या पुढे, ४० लाखांना. तिथून तीच शाळा साडेतीन किलोमीटर पडते. अमेरिकेत राहणारे दीर सांगतात, घर घेताना आधी शाळेचं रेटिंग बघा, घराची किंमत त्यावरच चालते. एजंटही तेच म्हणतो. तर शाळेसाठी सहा लाख जास्त द्यावेत का?

ताई, सरळ सांगतो, शाळेच्या नावाखाली सहा लाख देऊ नका. शाळा जवळ असण्याला किंमत जरूर आहे, पण ती सहा लाख नाही. आणि शाळेच्या ‘नंबरा’ला तर आपल्या गावच्या घरांच्या बाजारात वेगळी किंमतच नाही. गेली सत्तावीस वर्षं मी सोलापुरात बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतोय, पेठेतल्या वाड्यापासून हद्दवाढीतल्या रो-हाऊसपर्यंत. माझं म्हणणं नीट उलगडून सांगतो, कारण तुमच्या दिरांचं काही चुकलेलं नाही. ते त्यांच्या गावचा नियम सांगताहेत आणि तिथे तो खराच आहे.

अमेरिकेत सरकारी शाळेतला प्रवेश बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावर ठरतो. शाळांच्या हद्दी नकाशावर आखलेल्या असतात. रस्त्याच्या या अंगाला घर घेतलं तर मूल या शाळेत, त्या अंगाला घेतलं तर दुसऱ्या. शाळांच्या खर्चातला मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे ज्या वस्तीत घरं महाग तिथल्या शाळेच्या हाताशीही पैसा असतो. घरं विकणाऱ्या संकेतस्थळांवर प्रत्येक घराच्या माहितीत जवळच्या शाळांचे एक ते दहांपैकी गुण दिलेले असतात. ते ग्रेटस्कूल्स नावाची संस्था देते. म्हणजे तिथे घराबरोबर शाळेतली जागाही विकत मिळते, मग तिचे पैसे घराच्या किमतीत उतरणारच.

यावर सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आमच्या व्यवसायात फार मानला जातो. बॉस्टनच्या उपनगरांत शाळेच्या हद्दरेषेच्या अगदी दोन्ही बाजूंना असलेली घरं त्यांनी तुलनेला घेतली. शेजार तोच, रस्ता तोच, फक्त प्राथमिक शाळा वेगळी. चाचणीतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असले तर आईबाप घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात, असं त्यातून निघालं. त्यातली पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. हद्दरेषेची ही युक्ती न वापरता नुसतं ‘चांगल्या शाळेजवळचं घर आणि लांबचं घर’ असं मोजलं, तर तोच आकडा जवळपास दुप्पट दिसतो. म्हणजे पत्ता आणि शाळा एकमेकांना घट्ट बांधलेल्या देशातसुद्धा लोक ज्याला ‘शाळेमुळे मिळालेला भाव’ म्हणतात, त्यातला निम्मा चांगल्या शेजाराचा, चांगल्या रस्त्याचा असतो.

आता आपल्याकडे या. तुमच्या मुलीला पाचवीत घेताना प्रशाला काय बघेल? तुकडीत जागा आहे का, संस्थेच्या स्वतःच्या प्राथमिक शाळेतून किती मुलं वर येताहेत, थोरलं भावंड तिथे शिकतंय का. तुमचा फ्लॅट रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे हे कुणी विचारणार नाही. हरिभाई देवकरण प्रशाला असो, सेवासदन असो, की पूर्व भागातली कुचन प्रशाला, यांच्यापैकी कुणाच्याच भोवती नकाशावर हद्द आखलेली नाही. रोज सकाळी शेळगीची पोरं रिक्षात बसून गावात येतात, गावातली पोरं बसने केगावकडे जातात. केंद्रीय विद्यालयात आईवडिलांची नोकरी कुठली ते आधी बघतात. मोहोळ तालुक्यात पोखरापूरला जे नवोदय विद्यालय आहे, तिथे सगळ्या जिल्ह्याची मुलं परीक्षा देऊन जातात आणि तिथेच राहतात. दहावीनंतर तर पत्त्याचा प्रश्नच मिटतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत. तिथे दहावीचे टक्के, आरक्षण आणि तुम्ही दिलेला पसंतीक्रम एवढंच चालतं.

पत्त्याला खरं वजन येतं अशी एक जागा आपल्याकडे आहे, तीही सांगतो, कारण एजंट लोक तिचं नाव घेऊन घोळ घालतात. शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. त्या जागांच्या सोडतीत शाळेजवळ राहणाऱ्यांना आधी प्राधान्य मिळतं. तिथे अंतर नकाशावर मोजलं जातं, पत्त्याचे कागद तपासले जातात. पण त्यासाठी घर विकत घ्यायची गरज नाही, नोंदणीकृत भाडेकरारही चालतो. दुर्बल घटकाला वर्षाला एक लाखाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. ४६ लाखांचा फ्लॅट घेणारं घर त्यात बसत नाही, आणि तुमची मुलगी पहिलीचा वर्ग ओलांडून पुढे गेलीय. तेव्हा ‘आरटीईमुळे इथे भाव वाढणार’ असं कुणी सांगितलं तर ते तुमच्यासाठी नाही.

मग हा ‘एक नंबर’ दिला कुणी? देशात उच्च शिक्षण संस्थांची सरकारी क्रमवारी २०१६ पासून लागते, शाळांची तशी कुठलीही सरकारी क्रमवारी नाही. केंद्राचा जो श्रेणी निर्देशांक आहे तो राज्यं आणि जिल्हे तोलतो, एकेक शाळा नाही. दहावीच्या बोर्डाची गुणवत्ता यादी बंद होऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हा जाहिरातीतला नंबर कुठल्या तरी खाजगी सर्वेक्षणाचा असतो किंवा बिल्डरच्या छापखान्यातला.

उरतो तो ‘शंभर टक्के निकाल’. त्याबद्दल दोन शब्द, कारण आईबाप इथे फसतात आणि मला ते बघवत नाही. शंभर टक्के निकाल म्हणजे जेवढी मुलं बसली तेवढी उत्तीर्ण झाली. किती बसवली गेली नाहीत ते त्यात दिसत नाही. नववीतल्या कच्च्या मुलाच्या आईवडिलांना बोलावून ‘दाखला घ्या, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा’ असं सांगितलं जातं, हे मी ओळखीच्या घरांत बघितलंय. म्हणून शाळेत गेलात की निकालाचा फलक बाजूला ठेवा आणि एकच विचारा: पाच वर्षांपूर्वी पाचवीत किती मुलं होती, त्यांतली किती यंदा दहावीला बसली? शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, घेतलात तर पट आणि शिक्षकांची संख्या तुम्हाला घरबसल्या बघता येते. शिष्यवृत्ती परीक्षेत आणि एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुलं लागली तेही विचारा. त्या परीक्षा राज्यभर एकाच वेळी होतात आणि तपासणी शाळेच्या हातात नसते. दरवर्षी जूनच्या आधी शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, तीही नजरेखालून घाला.

आता माझ्या कामाचा भाग. बँकेच्या मूल्यांकन अहवालात एक ओळ असते: शाळा, दवाखाना, बाजार, बसथांबा यांची जवळीक. आम्ही त्यापुढे ‘साधारण एक किलोमीटरच्या आत’ असं लिहितो आणि पुढे जातो. शाळा कितव्या नंबरची, असा रकाना नाही. सरकारचे बाजारमूल्य दर तक्ते, म्हणजे आपला रेडी रेकनर, उघडलात तर तिथे विभाग आहे, रस्ता आहे, इमारतीचं वय आहे, मजला आणि लिफ्ट आहे. शाळा नाही. (रेडी रेकनर तीन वर्षं जागच्या जागी थांबला होता. १ एप्रिल २०२५ ला तो वाढला तेव्हा सोलापूर महापालिका क्षेत्रातली सरासरी वाढ १०.१७ टक्के होती, राज्यातल्या महापालिकांत सगळ्यांत जास्त. हा आकडा दाखवून ‘बघा, शाळेमुळे आपल्या भागाचे दर वाढले’ असं कुणी म्हणालं तर लगेच ओळखा. ती वाढ साऱ्या शहराची सरासरी आहे.)

तक्त्यात नाही म्हणून बाजारातही नसेल असं मात्र नाही, हे मला मान्य आहे. म्हणून बाजार काय सांगतो ते बघू. सोलापूरच्या नावाजलेल्या जुन्या अनुदानित शाळा गावठाणात आणि त्याला लागून असलेल्या भागात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे मुलं घालताहेत. शाळेच्या नावाने घराचा भाव वाढत असता तर त्या शाळांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत भाव गगनाला भिडायला हवे होते. प्रत्यक्षात तिथल्या वाड्यांना गिऱ्हाईक मिळेना म्हणून वारसदार थकून गेलेत. जुने भाडेकरू, अरुंद बोळ, गाडी लावायला जागा नाही, दहा-बारा वारसांची नावं असलेला सिटी सर्व्हे उतारा. त्या भागात ज्या जागेला भाव आहे तो दुकानाच्या दर्शनी बाजूचा आहे, नवी पेठेसारख्या बाजाराचा आहे. शाळेचा नाही.

दुसरीकडे जुळे सोलापूर बघा. १९९२ च्या हद्दवाढीने शहर एकदम पसरलं, क्षेत्र १७८ चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. बखळ जागा स्वस्त होत्या, त्या शिक्षकांनी, बँकवाल्यांनी, सरकारी नोकरांनी घेतल्या, घरं बांधली. ज्या घरात महिन्याला ठरलेला पगार येतो त्या घरातून इंग्रजी शाळेची फी येते. शाळा काढणाऱ्यांनी हे ओळखलं. त्यांनाही मैदानासकट मोठी जागा परवडेल अशी तिथेच मिळत होती. म्हणून शाळा तिथे गेल्या. क्रम असा होता: आधी वस्ती, मग शाळा. आज येणारा माणूस दोन्ही शेजारी-शेजारी बघतो आणि त्याला वाटतं, शाळेमुळे वस्ती सुधारली. बॉस्टनच्या त्या अभ्यासातला निम्मा हिस्सा म्हणतो तो हाच.

आपल्या गावात भाषेचाही प्रश्न आहे, जो अमेरिकेच्या आकडेवारीत येत नाही. मराठी, इंग्रजी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांची घरं इथे एकाच रस्त्यावर असतात. नई जिंदगी भागातल्या उर्दू माध्यमाच्या कुटुंबाला ज्या शाळेजवळ राहावंसं वाटेल ती विडी घरकुल वसाहतीतल्या तेलुगू कुटुंबाला उपयोगाची नसेल. एका शाळेमागे सगळं शहर धावत नाही, मग एका शाळेने भाव कसा हलेल?

तरीही शाळा जवळ असण्याने एक गोष्ट नक्की घडते, ती मी स्वतः दरवर्षी बघतो. भाव फारसा वाढत नाही, गिऱ्हाईक वाढतं. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ या बाजूंची कितीतरी घरं मुलांच्या शिक्षणासाठी सोलापुरात बिऱ्हाड करतात. वडील गावी शेतीवर, आई मुलांना घेऊन इथे. त्यांना शाळेपासून चालत जाता येईल असं घर भाड्याने हवं असतं, आणि मार्च ते जून या काळात ते शोधत फिरतात. अशा ठिकाणचा फ्लॅट महिनोन्‌महिने रिकामा पडत नाही. विकायला काढला तर बघायला माणसं जास्त येतात, व्यवहार लवकर होतो. हे सुख कमी नाही. पण ‘लवकर विकलं जाईल’ आणि ‘सहा लाख जास्त मिळतील’ यांत फार अंतर आहे, आणि एजंट पहिलं दाखवून दुसऱ्याचे पैसे मागतोय.

जवळ म्हणजे किती जवळ, तेही बघा. शाळेच्या फाटकासमोरचं घर मी कधी चढ्या दराने गेलेलं बघितलं नाही. सकाळ-दुपार रिक्षांची गर्दी, स्नेहसंमेलनाचे लाऊडस्पीकर, पालकांच्या गाड्या तुमच्या पार्किंगच्या तोंडाशी. पाचशे मीटर ते एक-सव्वा किलोमीटर, मधे मोठा चौक ओलांडावा लागू नये, हे सगळ्यांत चांगलं.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. धंद्यात नवा होतो. विजापूर रोडच्या बाजूला एका लेआउटमध्ये रो-हाऊसचं मूल्यांकन करायला गेलो होतो. घेणारे दोघंही शिक्षक, लेआउटच्या तोंडाशीच एक इंग्रजी शाळा, गणवेशातली पोरं ये-जा करताहेत. मीही भारावलो आणि आजूबाजूच्या दरापेक्षा जास्त दर धरला, कारणात शाळा लिहिली. शाळेची इमारत कुणाची आहे, हे मी विचारलं नाही. ती भाड्याची होती. चार-पाच वर्षांत संस्थेने दुसरीकडे स्वतःची जागा घेतली आणि शाळा उठून तिकडे गेली. इमारतीत आधी गोदाम आलं, मग लग्नाचा हॉल. त्या दांपत्याला बदलीमुळे घर विकावं लागलं तेव्हा शाळेचे म्हणून दिलेले पैसे परत आले नाहीत. ते दोघं माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी मला बोल लावला नाही, पण माझ्या सहीचा तो अहवाल टेबलावर होता. तेव्हापासून मी शाळेच्या जागेचा उतारा बघितल्याशिवाय ‘जवळ शाळा आहे’ एवढंसुद्धा लिहीत नाही. शाळा उठून जाऊ शकते, घर उठून जात नाही. तुमच्या जाहिरातीतल्या शाळेची इमारत संस्थेच्या मालकीची आहे का, हे तुम्ही चौकशी करून घ्याच.

याच जातीची आणखी एक फसवणूक चालते ती आरक्षणाची. बिल्डर मोकळं मैदान दाखवतो आणि म्हणतो, ‘विकास आराखड्यात इथे शाळा आहे.’ आराखड्यातलं आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ मधलं कलम १२७ असं आहे की दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. अशा कितीतरी जागा पुढे मोकळ्या सुटतात आणि तिथे इमारती उभ्या राहतात. ज्या शाळेची घंटा आज ऐकू येत नाही तिचे पैसे आज द्यायचे नाहीत.

आणि हद्दवाढ भागात ‘नामांकित शाळेजवळ’ असं सांगून विकले जाणारे प्लॉट पुष्कळदा गुंठेवारीतले, म्हणजे शेतजमिनीचे मंजूर लेआउटशिवाय पाडलेले तुकडे, असतात. तुम्ही फ्लॅट घेताय म्हणून लांबण लावत नाही. पण दुसऱ्या कुणी प्लॉटचा विचार करत असेल तर आधी जमीन बिगरशेती (एन.ए.) आहे का आणि लेआउट मंजूर आहे का ते बघा. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यातली मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली, पण नियमित होऊ शकतं आणि झालेलं आहे यात फरक आहे. बँक कर्ज नाकारते ती इथेच.

मग सोलापुरात दोन सारख्या फ्लॅटमधला फरक येतो कशाने? पहिलं कारण पाणी. उजनीचं पाणी आपल्याकडे वर्षानुवर्षं तीन-चार-पाच दिवसांआड सुटत आलंय. ज्या इमारतीचा संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, मोठा, बोअरला उन्हाळ्यातही पाणी, टँकर मागवावा लागत नाही, तिचा दर शेजारच्या इमारतीपेक्षा जास्त निघतो आणि तो टिकतो. मी कितीतरी वेळा एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींचे व्यवहार समोरासमोर ठेवले आहेत. शाळा दोघींना सारखीच जवळ, तरी दरात फरक. खाली जाऊन बघितलं की बोअरमध्ये उत्तर सापडतं. दुसरं कारण लिफ्ट आणि पार्किंग. तिसरं कागद: मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम आहे का, भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का. चौथं रस्ता. होटगी रोडला आता विमानतळाचीही भर पडलीय. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, आणि त्या रस्त्यावर भावाची बोलणी बदलली. तुमचा दुसरा फ्लॅट त्याच बाजूला आहे, म्हणून त्या इमारतीच्या उंचीला विमानतळाच्या दृष्टीने लागणारी परवानगी घेतलीय का, तो कागद मागून बघा.

आता तुमचा हिशेब मांडू. सहा लाख जास्त कर्ज, समजा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी, तर महिन्याला सुमारे ५,२०० रुपये हप्ता वाढतो. वीस वर्षांत साडेबारा लाखांच्या आसपास जातात. मुद्रांक शुल्क सोलापुरात सहा टक्के धरा, म्हणजे त्या सहा लाखांवर आणखी ३६,०००. घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर बाईमाणसाला असलेल्या एक टक्का सवलतीने ३०,०००. (नोंदणी फी दोन्ही फ्लॅटना सारखीच, कारण ती ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. पण सवलतीचं लक्षात ठेवा, ती पूर्ण रकमेवर मिळते.) दुसऱ्या पारड्यात शाळेची व्हॅन. समजा महिना १,५०० रुपये, वर्षाचे दहा महिने, पाचवी ते दहावी सहा वर्षं: ९०,०००. दर वाढत जाईल म्हणून सव्वा लाख धरा. पावसात, परीक्षेच्या दिवशी तुम्ही स्वतः स्कूटरवर सोडाल, त्या तुमच्या वेळेचं मोल तुम्ही ठरवा. मी उदारपणे ते धरूनही दोन लाखांच्या वर जाऊ शकत नाही. आणि ही सोय सहा वर्षांची आहे. अकरावीला मुलगी कुठल्या कॉलेजात जाईल, लातूरला जाईल की पुण्याला, आज कुणी सांगावं? हप्ता मात्र तेव्हा आणखी चौदा वर्षं चालू असेल.

एक गोष्ट मात्र मी पैशांत धरत नाही. सोलापूरचा एप्रिल बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा असतो. शाळा सकाळची झाली तरी सुटताना ऊन डोक्यावर असतं. दहा वर्षांच्या पोरीला त्या उन्हात साडेतीन किलोमीटर पाठवायचं नाही, हे मीही म्हणेन, आणि माझी मुलगी असती तर मीही जवळचं घर शोधलं असतं. म्हणून मी तुम्हाला पहिला फ्लॅट सोडा असं सांगत नाही. त्याची किंमत शाळेच्या नावावर ठरू देऊ नका, एवढंच सांगतोय.

करायचं काय, तर या आठवड्यात दोन्ही इमारतींचे आणि त्यांच्या अगदी शेजारच्या इमारतींचे गेल्या वर्षभरातले सूची क्रमांक दोन काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ते शोधता येतात. लोक त्याला इंडेक्स टू म्हणतात. त्यात खरेदीची रक्कम, सरकारी बाजारमूल्य आणि क्षेत्रफळ असतं. रकमेला क्षेत्रफळाने भागा, पण दोन्हीकडे कार्पेटच, म्हणजे भिंतींच्या आतलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र, धरा. बिल्टअप आणि सुपर बिल्टअपची सरमिसळ झाली की सगळा हिशेब बिघडतो. मग जुळे सोलापुरात एक काम आणखी करा. त्याच भागातली, पण त्या शाळेपासून दीड-दोन किलोमीटर लांबची, त्याच वयाची एखादी इमारत घ्या आणि तिचाही दर काढा. हीच तुमची हद्दरेषा, तुमचा बॉस्टन. शाळेजवळचा आणि लांबचा दर सारखाच निघाला तर शाळेचा म्हणून सांगितलेला भाव बिल्डरच्या मनातला आहे. मला वाटतं सारखाच निघेल. थोडा फरक आलाच तर संप, बोअर, लिफ्ट, पार्किंग बघून या, आणि मग जे उरेल ते शाळेचं समजा.

इमारत नवी असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक जाहिरातीवर असायलाच हवा. ‘एक नंबरची शाळा पाच मिनिटांवर’ हे वाक्य बिल्डरला त्याच्या लेटरहेडवर लिहून सही करून द्यायला सांगा. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते, हे त्यालाही माहीत असतं. लिहून देतो का नाही, यावरून तुम्हाला पुरेसं कळेल.

आणि बोलणीला बसाल तेव्हा ४६ वरून सुरुवात करू नका. ४० अधिक तुम्हाला सापडलेले खरे फरक, अधिक शाळेच्या सोयीचे दीड-दोन लाख, एवढा आकडा कागदावर लिहून न्या. माझ्या अंदाजाने तो ४२-४३ च्या आसपास येईल. तेवढ्यात सौदा होत असेल तर जुळे सोलापूरचा फ्लॅट घ्या. होत नसेल तर होटगी रोडचा घ्या आणि व्हॅनवाल्याशी आजच बोलून ठेवा. टोकन देण्याआधी एखाद्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मुलीला दोन्ही ठिकाणांहून शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन आणा, एकदा पायी आणि एकदा स्कूटरवर. कुठला चौक तिला अवघड वाटला ते तिलाच विचारा.